गल्ल्यातली मोड आणि पेवातली हळद: वीज नियामक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
वर्ल्ड ट्रेड सेंटर, कफ परेड, मुंबई

विषय: विजेच्या साठवणुकीची खरेदी करताना तासांचा कप्पा वेगळा ठेवण्याबाबत

महोदय, महोदया,

सांगलीच्या अगदी लगत हरिपूर आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि हळदीची पेवे यांसाठी ते ओळखले जाते. निदान ओळखले जात असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोरडी विहीरच म्हणा. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद आणि खाली पोट ऐसपैस. हळद भरली, तोंड मातीने लिंपले, की आतल्या हवेतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही आणि व्यापारी भाव येईपर्यंत निवांत बसतो. एक वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त. 2005 च्या महापुराने त्यांतली बहुतेक बाद केली. तरी पेव पाहिलेल्या माणसाला विजेच्या साठवणुकीचे गणित चटकन कळते. पेवाचे तोंड म्हणजे मेगावॅट आणि पोट म्हणजे मेगावॅट-तास. माल किती झपाट्याने आतबाहेर होईल ते तोंड ठरवते. किती दिवस पुरेल ते पोट ठरवते.

गेली तीनेक वर्षे देशभर बॅटरीच्या निविदांचे पेव फुटले आहे. गंमत अशी की त्या निविदांत पेव म्हणावे असे जवळजवळ काहीच नाही. सगळा भर तोंडावर. पोट बहुधा दोन तासांचे, फार तर चार तासांचे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. विजेच्या धंद्यातला नाही. घरची थोडी द्राक्षबाग आहे, तिच्यावर साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे, आणि रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला बॅटरी घेऊन बांधावर जाण्यात तरुणपण गेले आहे. ती बॅटरी म्हणजे विजेरी, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आयोगाच्या सुनावण्यांत बोलणाऱ्यांची रांग मोठी असते आणि माझा मुद्दा दोन मिनिटांत मावणारा नाही, म्हणून हे पत्र.

आधी जे चांगले झाले ते मोकळेपणाने मान्य करतो. 2022 मध्ये भारतीय सौर ऊर्जा महामंडळाच्या 500 मेगावॅट, 1000 मेगावॅट-तासांच्या निविदेत दर आला होता महिन्याला मेगावॅटमागे 10.84 लाख रुपये. पुढच्या तीन वर्षांत दोन तासांच्या बॅटरीचे दर अडीच लाखांच्या खाली उतरले. केंद्राच्या अनुदानाचा हात त्याला लागला हे खरे, पण मुख्य श्रेय स्वस्त झालेल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट घटांचे, म्हणजे बॅटरीतल्या सेलांचे. या रसायनाचा पाया घालणारा शोधनिबंध 1997 चा, टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाचा. त्यावर पाधी आणि नंजुंडस्वामी अशी आपल्या ओळखीची आडनावे आहेत. गुडइनफ यांना 2019 मध्ये नोबेल मिळाले ते लिथियम बॅटरीवरच्या एकूण कामासाठी. तेव्हा लिथियमशी माझे भांडण नाही. दुपारी स्वस्तात मिळणारी सौर वीज संध्याकाळच्या ऐन गर्दीत वापरायला ते आज सर्वांत सोयीचे साधन आहे. दुकानाच्या गल्ल्यात सुट्टे पैसे असतात तशी ही बॅटरी. गल्ला हवाच, पण गल्ल्यातल्या मोडीवर कोणी मुलीचे लग्न ठरवत नाही.

आता आपल्याच आदेशाकडे बघू. वेळेनुसार दर ठरवताना आयोगाने सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हे सूर्याचे तास मानून सवलत दिली आणि संध्याकाळी 5 ते मध्यरात्र या वेळेला जादा आकार लावला. म्हणजे चणचणीची वेळ सात तासांची आहे असे आयोगाचेच म्हणणे. मग तिच्यासाठी घेतलेली साठवण दोन तासांची कशी? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यांना सल्ला दिला की नव्या सौर निविदांत प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान 10 टक्के, दोन तासांची साठवण जोडा. किमान म्हणून सांगितलेला आकडा आपल्याकडे बघता बघता मापच होऊन बसतो, तसे या दोन तासांचे झाले आहे. शंभर मेगावॅटची दोन तासांची बॅटरी पन्नास मेगावॅटवर चार तास चालवता येते, हे मला समजते. पण मग कागदावरचे शंभर मेगावॅट प्रत्यक्षात पन्नास झाले, आणि सात तासांना पुरवायचे तर तीस सुद्धा उरत नाहीत. हा हिशेब निविदेच्या पहिल्या पानावर असायला हवा. तो तिथे नसतो.

माझी काळजी ऑक्टोबरची आहे. साताऱ्याजवळचे चाळकेवाडी, पाटणजवळचे वनकुसवडे, धुळ्याकडचे साक्री, इथल्या पवनचक्क्या जून ते ऑगस्ट गरगर फिरतात. पाऊस ओसरला की वारा पडतो. त्याच सुमाराला ऑक्टोबरचा उकाडा, रब्बीच्या पेरण्या, मोटरी सुरू, आणि सहा-सव्वासहाला सूर्य खाली. अशा दिवसांत बॅटरी सातला सुरू केली तर नऊला संपते. नऊनंतर कोळसा आहेच, असे कोणी म्हणेल. आहे. पण मग 'सौर कृषी वाहिनी 2.0' मधून 16,000 मेगावॅट उभारण्याचे जे उद्दिष्ट आपण ठेवले आहे, त्याचा फायदा दिवसापुरता राहतो आणि रात्रीसाठी तीच जुनी केंद्रे तशीच तापवत ठेवावी लागतात. श्रावणातल्या सलग ढगाळ आठवड्याचे आणखी वेगळे. तिथे प्रश्न तासांचा राहत नाही, दिवसांचा होतो.

हे झाले गरजेचे. आता किमतीचे, कारण खरी मेख तिथे आहे.

रोज एकदा भरून एकदा रिकामी होणारी बॅटरी वर्षाला 365 फेऱ्या करते आणि आपली किंमत त्या 365 फेऱ्यांवर वाटते. सलग तीन ढगाळ दिवसांसाठी राखून ठेवलेली बॅटरी वर्षात समजा वीसच वेळा कामी आली, तर तीच किंमत वीस फेऱ्यांवर वाटावी लागते. एका युनिटचा भांडवली खर्च अठरा पट. म्हणून लांब पल्ल्याच्या साठवणुकीत पोट स्वस्त असावे लागते, इतके स्वस्त की वर्षातले बहुतेक दिवस ते नुसते भरून ठेवले तरी जिवाला लागू नये. लिथियममध्ये तोंड आणि पोट एकाच डब्यात असते. आणखी एक तास हवा तर तेवढेच आणखी घट विकत घ्या. किलोवर विकतात तसे. पेवाचे तसे नसते. पोट वाढवायचे तर नुसते खणायचे, तोंड आहे तेवढेच राहते.

असे पेव रसायनशास्त्रात आहे का? आहे, आणि ते मी वर्गात तीसेक वर्षे दाखवत आलो.

अमोनियम मेटाव्हॅनेडेट नावाचे एक पांढुरके मीठ असते. विषारी आहे, म्हणून मुलांच्या हातात न देता मी स्वतः हाताळायचो. ते सौम्य गंधकाम्लात विरघळवले की द्रावण पिवळे होते. त्यात जस्ताचे खडे टाकून हलवत राहायचे. पिवळ्याचे निळे होते, निळ्याचे हिरवे आणि शेवटी जांभळे. एकच धातू, चार रंग. व्हॅनेडियम प्रत्येक पायरीला एक-एक इलेक्ट्रॉन घेत खाली उतरतो, त्याचे हे रंग. जांभळी परीक्षानळी उघडी ठेवली तर हवा लागून ती पुन्हा हिरवी होऊ लागते. मागच्या बाकावरची पोरेसुद्धा तेवढ्यापुरती जागी व्हायची.

1980 च्या दशकात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस यांनी नेमका हा धातू घेऊन बॅटरी केली. दोन टाक्या. एकीत पिवळे-निळे द्रावण, दुसरीत हिरवे-जांभळे. मध्ये पातळ पडदा असलेला घटांचा गठ्ठा. पंपाने दोन्ही द्रावणे गठ्ठ्यातून फिरवायची. वीज दिली की एका टाकीत पिवळे आणि दुसरीत जांभळे साठत जाते. वीज घेतली की निळे आणि हिरवे परत येते. गठ्ठा म्हणजे पेवाचे तोंड, टाकी म्हणजे पोट. दोन तासांऐवजी दहा तास हवेत? गठ्ठा तोच ठेवा, टाक्या मोठ्या करा. मोटर तीच ठेवून शेततळे मोठे केले तर पाणी जास्त दिवस पुरते, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

दोन्ही टाक्यांत एकच धातू असल्याचा मोठा फायदा आहे. पडद्यातून थोडे इकडचे तिकडे झिरपले तरी द्रावण नासत नाही, पुन्हा समतोल साधता येतो. वीस वर्षांनी गठ्ठा झिजेल, पंप बदलावे लागतील, पण द्रावणातला व्हॅनेडियम तसाच असतो, काढून विकता येतो. पाण्यातले द्रावण असल्यामुळे भडका उडण्याची भीतीही नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला जानेवारी 2025 मध्ये लिथियम साठवण केंद्राला आग लागून हजाराहून जास्त माणसांना घरे सोडावी लागली होती. ते घट जुन्या, निकेलवाल्या जातीचे होते आणि फॉस्फेटचे घट त्यापेक्षा बरेच शांत असतात, हे इथे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

खोटही सांगतो. द्रावण फार पातळ असते. एका लिटरमध्ये जेमतेम 20 ते 30 वॅट-तास. एक मेगावॅट दहा तास द्यायचा तर सुमारे चार लाख लिटर द्रावण लागेल. वीस हजार लिटरच्या दुधाच्या टँकरने मोजले तर वीस टँकर. जागा खाते. पंप चालवण्यात वीज जाते, त्यामुळे शंभर युनिट घातले तर 65 ते 75 च परत मिळतात. लिथियम 85 च्या आसपास देते. व्हॅनेडियम आपण बाहेरून आणतो आणि त्याचा भाव वाऱ्यासारखा फिरतो. 2018 मध्ये तो असा काही चढला होता की अनेकांच्या योजना कागदावरच राहिल्या. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे द्रावण 40 अंशांच्या वर तापले की पिवळ्या टाकीत व्हॅनेडियमचा साका खाली बसू लागतो. जळगाव, चंद्रपूरचा मे महिना 45 च्या वर जातो. म्हणजे थंड ठेवायला आणखी वीज. चीनमध्ये दालियनला 2022 पासून 100 मेगावॅट, 400 मेगावॅट-तासांची अशी बॅटरी आहे, पण दालियनचा उन्हाळा आणि भुसावळचा उन्हाळा यांत फरक आहे. आपल्याकडे एनटीपीसीने नोव्हेंबर 2025 मध्ये ग्रेटर नोएडातल्या आपल्या संशोधन केंद्रात 3 मेगावॅट-तासांची व्हॅनेडियम बॅटरी सुरू केली. महाराष्ट्राच्या उन्हात हे द्रावण वर्षभर कसे वागते ते मात्र इथेच बघावे लागेल, आणि माझी मागणी तिथूनच सुरू होते.

त्याआधी दोन-तीन इतर उमेदवारांना भेटू.

सर्वांत साधा उमेदवार लोखंड. कोकणात घर बांधणाऱ्याला गंज म्हणजे काय ते विचारा. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचा गंज होताना ऊर्जा बाहेर पडते; एरवी ती वाया जाते. लोह-वायू बॅटरीत ती विजेच्या रूपात पकडतात आणि भरताना उलटे करतात, गंजाचे पुन्हा लोखंड. कल्पना जुनी आहे, 1970 च्या दशकात अमेरिकेत तिच्यावर बरेच काम झाले आणि मग ती अडगळीत पडली. आता फॉर्म एनर्जी ही कंपनी तिच्या मागे आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात केंब्रिज गावी 1.5 मेगावॅट, 150 मेगावॅट-तासांच्या केंद्राची उभारणी 2024 मध्ये सुरू झाली. भागाकार करून पाहा. शंभर तास. चार दिवसांहून जास्त.

त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. घातलेल्यापैकी निम्म्याहूनही कमी वीज परत येते. दुपारची सौर वीज अडीच रुपये युनिट धरू. लिथियममधून 85 टक्के परत आले तर परत आलेल्या युनिटमागे चार्जिंगचा खर्च 2.94 रुपये. लोह-वायूतून 40 टक्के आले तर 6.25 रुपये. रोजच्या वापराला हा सौदा आतबट्ट्याचा. पण जी वीज ग्रीडला नको म्हणून पवनचक्क्या थांबवाव्या लागतात, सौर प्रकल्पांना कमी करा असा फोन जातो, ती वीज फुकटात जमा आहे. फुकटाच्या मालात निम्मी घट गेली तरी चालते. केवळ कार्यक्षमतेच्या टक्क्यावर चाळणी लावणारी निविदा काढली की हा उमेदवार दारातूनच परत जातो. तसे होऊ नये म्हणून एवढा हिशेब मांडला.

सोडियमचा गाजावाजा बराच आहे. पुण्यातल्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेसोबत विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केले, याचा मराठी माणूस म्हणून आनंद आहे. सोडियमला तुटवडा नाही, तांब्याच्या पत्र्याऐवजी अॅल्युमिनियम चालते, थंडीत बरे काम करते. पण आपल्या प्रश्नापुरते सांगायचे तर हीसुद्धा डब्यातलीच बॅटरी आहे. तोंड आणि पोट एकत्र. स्वस्त झाली तर आठ तासांपर्यंत उपयोगी पडेल. ते पेव नव्हे.

हायड्रोजनवर फार शाई खर्च करत नाही. एक किलो हायड्रोजन करायला 50 ते 55 युनिट लागतात आणि इंधनघटातून त्याची पुन्हा वीज केली तर 16-17 हाती येतात. शिवाय किलोमागे नऊ लिटर पाणी रासायनिक समीकरणातच जाते, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तो खत कारखान्यांना द्यावा, पोलादाला द्यावा. रात्रीचे दिवे लावायला त्याला बोलावू नये, असे माझे मत.

या क्षेत्रात मोडलेल्या दुकानांची रांगही लांब आहे. ऑस्ट्रेलियातली झिंक-ब्रोमाइडवाली रेडफ्लो 2024 मध्ये बुडाली. अमेरिकेतली सोडियमवाली नेट्रॉन 2025 मध्ये बंद पडली. आणि ज्या न्यू साउथ वेल्समध्ये व्हॅनेडियम बॅटरी जन्मली, तिथेच 'लांब पल्ला म्हणजे किमान आठ तास' असा कायदा 2020 मध्ये झाल्यावर 2023 मध्ये कंत्राट कोणी जिंकले? लिमोंडेल इथल्या 50 मेगावॅट, 400 मेगावॅट-तासांच्या लिथियम बॅटरीने. माझ्या आवडत्या चार रंगांना तिथे कोणी विचारले नाही. मला ते गोड वाटले नाही, पण त्यातून एक गोष्ट शिकलो. आयोगाने रसायन निवडू नये, तास निवडावेत. आठ तास मागितले की जो स्वस्तात देईल तो देईल, लिथियम असो की टाकीतले पिवळे पाणी. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने 2024 मध्ये हेच केले. बारा तास व त्याहून जास्त यासाठी एक हिस्सा आणि अनेक दिवसांच्या साठवणुकीसाठी दुसरा, प्रत्येकी 1,000 मेगावॅटपर्यंत. ब्रिटननेही आठ तासांची रेघ ओढली आहे.

इथे आपले अधिकारी एक प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे: 'आपल्याकडे कोयना आहे, घाटघर आहे, उदंचन, म्हणजे पाणी वर चढवून गरजेला खाली सोडून वीज करणाऱ्या प्रकल्पांची रांग लागली आहे. मग हे रसायनांचे खूळ कशाला?' कोयना ही महाराष्ट्राची सर्वांत मोठी बॅटरी आहे यात शंका नाही. ती आकाशातून भरते आणि 1,960 मेगावॅट देते. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेले पाणी वर्षाला 67.5 टीएमसी, आणि एप्रिल-मे उजाडेपर्यंत त्याचा प्रत्येक थेंब मोजून वापरावा लागतो. घाटघरचे 250 मेगावॅट 2008 पासून आहेत आणि उत्तम आहेत. मात्र अशी जागा हवी तिथे मिळत नाही. सह्याद्रीची धार लागते, जंगल लागते, विस्थापित होणारी गावे लागतात, आणि मंजुरीपासून वीज येईपर्यंत मुलगा दहावीहून नोकरीला लागतो. लातूरला, धाराशिवला, वाशिमला घाट कुठून आणायचा? मी उदंचनाच्या विरोधात नाही. डोंगर जिथे नाही तिथल्या पेवाबद्दल बोलतो आहे.

आणि रसायनांच्याही आधी करण्यासारखे फुकटचे काम आहेच. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या आमच्या उपसा योजनांचे पंप दिवसा चालवले की पाणी वर चढून तलावात बसते. तीही साठवणच, तीही बिनबॅटरीची. दिवसा पंप, रात्री कोयना, संध्याकाळी लिथियम. एवढे आधी नीट जुळवावे. त्यानंतरही जी पोकळी उरते, ऑक्टोबरच्या रात्रीची आणि श्रावणातल्या ढगाळ आठवड्याची, तिच्यासाठी हे पत्र.

आता मागणी. साठवणुकीच्या एकूण खरेदीतला छोटा हिस्सा, मी म्हणेन पाच टक्के, किमान आठ तास सलग देणाऱ्या साधनांसाठी राखावा आणि त्याची बोली वेगळी घ्यावी. दोन तासांच्या बोलीशी त्याची तुलनाच करू नये. गल्ल्याची आणि पेवाची किंमत एका तराजूत जोखली तर दर वेळी गल्लाच स्वस्त दिसणार. पैसे द्यायचे ते नुसत्या मेगावॅटवर न देता आठव्या तासाला किती वीज हातात आली त्यावर द्यावेत. चाचणी जानेवारीच्या गारव्यात न घेता मे आणि ऑक्टोबरमध्ये घ्यावी, पंप आणि थंड करणाऱ्या यंत्रांची वीज वजा करून.

याखेरीज बोलीच्या बाहेर एक प्रयोग हवा. वीज कायद्याच्या कलम 63 खाली स्पर्धेत आलेला दर आयोग स्वीकारतो, पण कलम 62 खाली दर स्वतः ठरवण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि कलम 86 मध्ये अपारंपरिक ऊर्जेला चालना देणे हे आयोगाचे कामच सांगितले आहे. तो अधिकार वापरून लिथियमखेरीज दोन वेगळ्या रसायनांची एक-एक मेगावॅटची केंद्रे उभारून घ्यावीत. जागा मी सुचवतो. परळी. तिथल्या औष्णिक केंद्राचे जुने संच बंद झाले आहेत. जमीन आहे, मोठ्या वाहिन्या आहेत, काम शोधणारे वीज कामगार आहेत. 2015 मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. या टाक्यांतले द्रावण तर वर्षानुवर्षे तेच तेच फिरते. उन्हाळाही परीक्षा घेण्याइतका कडक.

त्या केंद्राची नोंद तासातासाला सर्वांना पाहता यावी. किती घातली, किती आली, किती वेळ बंद पडले, का बंद पडले. ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडे पथदर्शी प्रकल्पाचे उद्घाटन वर्तमानपत्रात येते आणि तो बंद पडल्याची बातमी कुठेच येत नाही. बंद पडला तरी तो आपल्या पैशाने शिकलेला धडा असतो, तो कपाटात का ठेवायचा?

द्रावणाच्या हिशेबाकडेही लक्ष वेधतो, कारण चुकीचा घसारा लावून चांगला प्रकल्प महाग ठरवता येतो. लिथियम बॅटरी पंधरा वर्षांनी भंगार होते आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तिची विल्हेवाट लावावी लागते. व्हॅनेडियमच्या द्रावणाची किंमत वीस वर्षांनीही बरीचशी शाबूत असते. त्याला यंत्रासारखा शून्यापर्यंत घसारा लावण्यापेक्षा ते भाड्याने घेण्याची मुभा द्यावी. सोनाराकडून दागिना आणला आणि लग्न झाल्यावर परत केला, तसा व्यवहार.

खर्चाचे काय, हा प्रश्न सुनावणीत उद्योगांचे प्रतिनिधी विचारणारच, आणि महाराष्ट्रातले औद्योगिक दर पाहता त्यांनी विचारायलाच हवा. राज्याची सरकारी वितरण कंपनी वर्षाला दहा हजार कोटी युनिटांहून जास्त वीज विकते. दोन्ही प्रयोगांवर मिळून समजा शंभर कोटी गेले, तर ते युनिटमागे एक पैसाही होत नाहीत, आणि तेही एकदाच. दुसऱ्या बाजूला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्याच राष्ट्रीय आराखड्यात 2031-32 साठी देशाला 411 गिगावॅट-तासांहून अधिक साठवण लागेल असा अंदाज आहे, त्यात बॅटरीचा वाटा 236. त्यातला आपला हिस्सा कुठल्या मापाचा घ्यायचा हे कळायला एक पैसा जास्त नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेले, तेव्हा आमच्या गल्लीत सहा दिवस वीज नव्हती. उपकेंद्रेच पाण्यात, त्यात कोणाचा दोष काढणार? जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्या रात्री दहालाच संपली. वरच्या मजल्यावर एक आजोबा प्राणवायूच्या यंत्रावर होते. त्यांच्यासाठी पोरांनी बोटीतून डिझेल आणले, छोटा जनरेटर रात्रभर धडधडत होता आणि तेवढ्या आवाजावर सगळी गल्ली झोपत होती. आवाज थांबला की सगळे उठून बसायचे. पुरात बॅटरीही बुडू शकते, हे हरिपूरच्या पेवांनी दाखवलेच आहे. म्हणून ती उंचावर बांधावी लागेल. पण त्या सहा दिवसांपासून कोणी 'दोन तासांची साठवण' म्हटले की मला जिन्याखालची बॅटरी आठवते.

पुढची सुनावणी ऑनलाइन असली तर घरून बोलेन, प्रत्यक्ष असली तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने येईन. आयोगाची हरकत नसेल तर येताना चार परीक्षानळ्या, थोडे जस्त आणि काळजीपूर्वक बंद केलेले व्हॅनेडियमचे द्रावण आणीन. पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. सुरक्षारक्षकाने आत सोडावे म्हणून आपल्या कार्यालयाची एक चिठ्ठी मात्र लागेल.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक व वीजग्राहक,
सांगली